सत्याऐंशीव्या अंकाचा कोपरा

टिचकीरावांना गुण देण्याची खोड होती. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला की मनात आकडा उमटायचा: सहा. जिन्याचे दिवे बदलून गेलेल्या वायरमनला सात. खोकल्याच्या औषधाला साडेचार, त्यातला अर्धा बाटलीच्या झाकणाला, कारण ते एका हाताने उघडायचं. सगळं दहापैकी. दहा मात्र कुणालाच नाही.

ही खोड लहानपणीची, पण तिला खतपाणी मिळालं ते कारखान्यात. कारखाना चिनी मातीच्या कपबशांचा. फिरत्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर छत्तीस वर्षं हे बसले. भट्टीतून निघालेला कप उचलायचा, कानाजवळ न्यायचा, नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर डावीकडच्या पेटीत. डाग असला तर मधल्या पेटीत. बद्द वाजला तर उजवीकडच्या पिंपात, तिथे तो फुटायचाच. डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला कळतो, एवढं एकच शास्त्र त्यांनी जन्मभर वापरलं आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं.

निवृत्तीच्या दिवशी मोठे साहेब बोलले. कारखाना म्हणजे एक कुटुंब वगैरे. टिचकीरावांनी मनात तीन गुण दिले. मग त्यांना सहा कपांचा संच भेट मिळाला आणि सवयीने, सगळ्यांच्या देखत, त्यांनी एकेक कप कानाशी नेऊन टिचकी मारली. हशा पिकला. सहावा कप बद्द वाजला. साहेबांनी विचारलं, "काय टिचकीराव, पास ना?" टिचकीराव म्हणाले, "सगळे पास." छत्तीस वर्षांत कपाच्या बाबतीत ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

घरी दोन खोल्या, दुसरा मजला. लग्न राहून गेलं होतं. बाबांचं दुखणंखुपणं काढता काढता वय सरलं, आणि बाबा गेले तोवर कुणी विचारायचंही थांबलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना गुण देऊन टाकले. दुसऱ्या आठवड्यात द्यायला काही उरलं नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, त्याचं तोंडसुद्धा दिसत नसे. बुधवारी त्यांच्या लक्षात आलं की सोमवारपासून आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. घसा ठीक आहे का ते बघायला ते मोठ्याने म्हणाले, "हं." आवाज आला. मग स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

पेटीत 'झंझावात' होता. 'झंझावात' म्हणजे त्यांच्या लहानपणी दर पंधरा दिवसांनी निघणारं चित्रांचं पाक्षिक. त्याचा नायकही झंझावातच, दिवसा टपाल कचेरीत पत्रं लावणारा साधा कारकून, आणि संकट आलं की निळा अंगरखा घालून वाऱ्यावर स्वार होणारा. डॉक्टर भोवरा हा त्याचा हाडवैरी. अंक एकपासून सत्याऐंशीपर्यंत सगळे ओळीने लावलेले, आणि सत्याऐंशी सोडला तर प्रत्येक अंकाच्या शेवटी पेन्सिलीचे दोन आकडे. एक यांचा. एक ताईचा.

ताई सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता, त्यामुळे वेणीफणी सोडून आईची बाकीची सगळी कामं ताईने याच्यासाठी केली. ती याला छोट्या म्हणायची. गुण देण्याचा खेळ तिनेच काढला, आणि त्याचे नियमही तिचेच. विषम आकड्याचा अंक आधी छोट्याने वाचायचा, सम आकड्याचा ताईने. आधी वाचेल त्याने शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात गुण लिहायचे आणि कोपरा दुमडून आकडा झाकायचा. दुसऱ्याने तो न उघडता वाचायचं, समोरच्या मलपृष्ठाच्या कोपऱ्यात आपले गुण लिहायचे, तोही दुमडायचा. मग दोघांनी मिळून कोपरे उघडायचे. एकट्याने कधीच नाही. फरक तीनपेक्षा जास्त निघाला तर खटला चालायचा. न्यायाधीश म्हणजे खुंटीवर टांगलेला बाबांचा कोट. दोघं त्या कोटासमोर उभं राहून तावातावाने भांडायची, आणि कोट कधीच निकाल देत नसल्यामुळे खटले दोन दोन दिवस रंगायचे.

टिचकीरावांनी ठरवलं, सगळे अंक पुन्हा वाचायचे आणि आजच्या डोळ्यांनी पुन्हा गुण द्यायचे. जेवण झालं की खिडकीपाशी खुर्ची ओढायची, चष्मा पुसायचा, पाच अंक. तिसरा आकडा आपल्या जुन्या आकड्याशेजारी. आणि इथेच गंमत सुरू झाली. बाराव्या अंकाला छोट्याने नऊ दिले होते, कारण त्यात एकोणीस मारामाऱ्या होत्या, त्याने मोजून समासात लिहून ठेवल्या होत्या. आता वाचताना तिसऱ्या मारामारीपाशी टिचकीरावांना जांभई आली. पाच. ताईचे गुण बघितले तर तेही पाचच. तिसावा अंक, तीच कथा. पस्तिसावा, तीच. मग आला एकेचाळिसावा.

एकेचाळिसाव्यात मारामारीच नाही. झंझावाताची आई इस्पितळात आहे. जो माणूस आख्खी बस उचलून पुलावर ठेवतो, तो सबंध अंकभर एका लोखंडी खाटेशेजारी पाण्याचा पेला धरून बसलेला आहे, आणि डॉक्टर भोवरा शहरात धुमाकूळ घालतोय हे ठाऊक असूनही तो उठत नाही. छोट्याने दोन गुण दिले होते आणि शेजारी लिहिलं होतं: फसवणूक. ताईने नऊ. त्या खटल्यात छोट्या रडून गोंधळ घालेपर्यंत प्रकरण गेलं होतं. टिचकीरावांनी तो अंक मिटला. बाबांच्या शेवटच्या तीन वर्षांत त्यांनीही असाच पेला धरला होता. त्यांनी लिहिलं: नऊ.

"ताई, जिंकलीस," ते म्हणाले. म्हणाले कुणाला, तर खुंटीला. कोट केव्हाच देऊन टाकला होता.

अंकामागून अंक तेच होत गेलं. सोळा-सतरा वर्षांच्या ताईला जे दिसत होतं ते यांना दिसायला अठ्ठावन्नावं वर्ष लागलं. हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटे, आणि ज्या एका माणसाला ते कळलं असतं त्याच्याशी बोलणं वर्षातून एकदा, वाढदिवसाला, दोन मिनिटं. असं करत करत शहाऐंशी संपला आणि हात सत्याऐंशीवर येऊन थबकला.

शहाऐंशीच्या शेवटी डॉक्टर भोवऱ्याने झंझावाताला साखळदंडाने बांधून पाण्याच्या टाकीत टाकलं होतं आणि पाणी गळ्यापर्यंत चढलं होतं. पुढे काय झालं ते टिचकीरावांना माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं तो बिचारा टाकीतच होता.

त्याचं असं झालं. सत्याऐंशी म्हणजे विषम आकडा, पाळी छोट्याची. तो तेरा वर्षांचा. खेळून घरी आला तर नवा अंक पलंगावर, आणि शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला. ताईने आधी वाचला होता! आणि कोपरासुद्धा नेहमीपेक्षा चांगला मोठा दुमडला होता, जणू मुद्दाम खिजवायला. छोट्याचं डोकं फिरलं. ताई म्हणाली, "वाच ना." हा गप्प. जेवताना म्हणाली, "जेवण झालं की वाच हं." हा गप्प. अंथरुणं घातल्यावर बाबांच्या देखत तिसऱ्यांदा म्हणाली, "छोट्या, आजच वाच रे." याने अंक गादीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी ताई नव्हती. दुसऱ्या शहरात परिचारिकेच्या शिक्षणाला तिची निवड झाली होती आणि बाबांनी साफ नाही म्हटलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती अशी निघून जाईल हे कुणालाच वाटलं नव्हतं. छोट्याला तर नाहीच. मला न सांगता गेली, आणि जाता जाता माझी पाळीही घेऊन गेली! महिन्याभराने बाबांना तिचं पत्र आलं, त्यात छोट्याचं साधं नावसुद्धा नव्हतं. मग त्याने शपथ घेतली: ती परत येऊन माफी मागेपर्यंत हा अंक वाचणार नाही. पुढचे अंक आणायचेही त्याने बंद केले. बाबांचा राग पाचसात वर्षांत निवला, याचा नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच पीळ.

बाबा गेले तेव्हा ताई आली होती. केस पांढरे झालेली, कुठल्याशा इस्पितळातली मोठी परिचारिका. तासभर दारापाशी उभी राहिली. निघताना टिचकीराव एवढंच म्हणाले, "सांगून जायचं होतंस." तिने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी माणसं तोंडावर खोटं बोलणाऱ्याकडे बघतात, आणि जिना उतरून गेली. टिचकीरावांनी तेव्हा मनात तिला शून्य दिलं होतं. एवढा कमी आकडा त्यांनी पिंपातल्या कपालाही कधी दिला नव्हता.

आता सत्याऐंशीवा अंक आठ दिवस टेबलावर पडून होता. वाचावा तर शपथ मोडते. न वाचावा तर शहाऐंशी अंकांचं काम वाया जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे उद्या करायला काहीच उरत नाही. नवव्या दिवशी जेवणानंतर टिचकीराव स्वतःशीच म्हणाले, "माफी मागायला येणारी ती आता चौसष्टची आहे. कुणाची वाट बघतोयस?" आणि पहिलं पान उघडलं.

अंक सुमार होता. टाकीला खाली तोटी होती, ती झंझावाताने पायाच्या अंगठ्याने उघडली. संपलं. पंचेचाळीस वर्षं ज्याच्या जिवाला घोर लागला होता त्याची सुटका एका तोटीने! टिचकीरावांना हसू आलं, मग हसताना आपण एकटेच हसतोय याचं वाईट वाटलं. नियमाप्रमाणे मलपृष्ठाच्या कोपऱ्यात त्यांनी आपला आकडा लिहिला आणि कोपरा दुमडला. समोर ताईचा कोपरा, पिवळा पडून पानालाच चिकटल्यासारखा. एकट्याने उघडायचा नाही. त्यांनी फोन उचलला.

"हॅलो."

"ताई, मी बोलतोय."

"बोल. तब्येत बरी ना?"

"बरी आहे. तुझी?"

"चाललंय. गुडघे कुरकुरतात."

"पाणी येतं ना वेळेवर?"

"येतं की."

यापुढचं वाक्य टिचकीरावांनी तोंडात तयार ठेवलं होतं, पण ते जिभेवरून खाली उतरेना. आवाज कोरडा होता, दोन्हीकडचा.

"मग ठेवू?" ताई म्हणाली.

"ठेव."

फोन ठेवून ते स्वतःवर इतके चिडले की त्यांनी नियम वगैरे बाजूला सारला, नख घातलं आणि कोपरा उलगडला. घडीवर कागद किंचित फाटला.

आत आकडा नव्हता. अक्षरं होती, मुंगीएवढी, पेन्सिलीची, थोडी पुसट: 'उद्या सहाच्या बसने जातेय. तुला न भेटता जाणार नाही. नाक्यावर ये. बाबांना बोलू नकोस.'

टिचकीरावांनी ते चार वेळा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पाचव्यांदा वाचलं. मग त्यांना सगळं कळलं. घर तेव्हा एकाच खोलीचं, शेजारची खोली नंतर घेतलेली, बाबा समोर. छोट्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्याच्या कानात काही सांगितलं की तासाभरात ते गावभर. म्हणून तिने अशी जागा शोधली जी जगात त्या दोघांशिवाय कुणी उघडणार नाही, आणि तीही रात्री अंक वाचून झाल्यावर. म्हणून तीनदा म्हणाली, वाच. तिने कोपरा मोठा दुमडला होता तो मजकूर मावावा म्हणून. आणि तो गादीखाली अंक दाबून भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

त्यांनी पुन्हा नंबर लावला.

"आता काय?" ताई घाबरली होती. "पडलास का कुठे? खरं सांग."

"ताई, सत्याऐंशीवा अंक वाचला."

"कसला अंक?"

"झंझावातचा. तुझा कोपरा उघडला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"कधी उघडलास?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे?"

"आत्ता म्हणजे आत्ता, पाच मिनिटं झाली. आधी वाचलाच नव्हता गं. कधीच नाही."

"आज?" ताई म्हणाली, आणि तो एक शब्द असा आला की टिचकीरावांनी डोळे मिटून घेतले. तडा कुठे होता आणि कुणी पाडला होता, ते त्यांना त्या शब्दात ऐकू आलं.

"दोन बस सोडल्या मी," ती म्हणाली. "सहाची सोडली. साडेसहाची सोडली. म्हटलं, झोपला असेल, येईल धावत, चपलासुद्धा न घालता. सात वाजता बाबांची उठायची वेळ झाली, मग चढले. सबंध वाट मागच्या काचेतून बघत होते. मला वाटलं, तू रात्री एकट्यानेच कोपरा उघडून वाचलंस आणि आला नाहीस. बाबांच्या बाजूला गेलास."

"आणि मला वाटलं, तू न सांगता गेलीस."

"वर तोंड करून म्हणालास, सांगून जायचं होतंस! बाबा गेले त्या दिवशी. थोबाडीत द्यावीशी वाटली होती मला."

"द्यायचीस की. तेव्हाच मिटलं असतं."

ती हसली की रडली ते कळलं नाही. मग म्हणाली, "पण वाचला का नाहीस रे? तीन तीनदा सांगत होते."

टिचकीरावांना लाज वाटली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने हे सांगायचं म्हणजे! "रुसलो होतो. विषम अंक होता. पाळी माझी होती आणि तू आधी वाचलास."

"मी कुठे वाचला?" ताई म्हणाली. "कपडे लपवून बांधायचे होते, कागदपत्रं शोधायची होती, वाचत कुठे बसणार होते? नुसता कोपरा लिहिला आणि दुमडला. पाळी तुझीच होती, छोट्या. मी कशाला घेईन तुझी पाळी?"

टिचकीराव खुर्चीवर बसले. ज्या अन्यायाला उराशी धरून ते इतकी वर्षं जगले, तो झालाच नव्हता. फोन कानाला धरून ते रडले, आणि ताईने त्यांना रडू दिलं. जन्मभर इस्पितळात काढलेलं माणूस, किती वेळ थांबायचं ते तिला ठाऊक होतं.

"वरातीमागून घोडं आणलंस," ती शेवटी म्हणाली. "बरं, तो सुटला का टाकीतून?"

"सुटला. अगं, त्या टाकीला ना खाली..."

"थांब! सांगू नकोस. मी वाचलाय कुठे अजून? आणि मार्क तर मुळीच सांगू नकोस. दुमडलायस ना तुझा कोपरा?"

"दुमडलाय."

"मग राहू दे तसाच."

"पोस्टाने पाठवू?"

"पोस्टात हरवला म्हणजे? घेऊन ये."

टिचकीरावांनी विचारलं, "सहाची बस असते का गं अजून?"

"मला काय विचारतोस? नाका तुझ्या घरापाशी आहे."

संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. अंक दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून दोऱ्याने बांधला. निरोपाला मिळालेला संच काढला, सहाही कपांना पुन्हा टिचकी मारली आणि सगळ्यात खणखणीत वाजणारे दोन कप टॉवेलात गुंडाळले.

सकाळी साडेपाचलाच ते नाक्यावर जाऊन उभे राहिले.